मेंदूच्या गाठीचे ऑपरेशन झाले. घरी आल्यावर काय पाहाल?

मागच्या महिन्यातील गोष्ट. सकाळी साडेसात वाजता, दवाखान्याचे दार उघडण्याच्या आधीच, जवळच्या वाडीवरची एक सूनबाई पायरीवर बसलेली दिसली. तिच्या सासऱ्यांचे पुण्याला मेंदूच्या आवरणाच्या गाठीचे ऑपरेशन झाले होते. आठव्या दिवशी त्यांना घरी सोडले, चारपाच दिवस सारे उत्तम चालले होते. "मग आता काय झाले?" मी विचारले. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आप्पांनी काल सकाळपासून चहा मागितला नाही. घरातले म्हणतात, झोप लागतेय तर लागू द्या, ऑपरेशन मोठं झालंय. पण मला काही ठीक वाटत नाही. त्यांना चहा लागतो म्हणजे लागतो."

मी घरी जाऊन पाहिले. आप्पा हाक मारल्यावर डोळे उघडत, नाव सांगत आणि लगेच पुन्हा डोळे मिटत. दोन्ही हात समोर धरायला सांगितले तर डावा हात हळूहळू खाली येई. ताप नाही, जखम कोरडी, रक्तदाब मात्र नेहमीपेक्षा बराच वर. तासाभरात त्यांना गाडीत घालून पुन्हा पुण्याला पाठवले. सिटी स्कॅनमध्ये ऑपरेशनच्या जागी रक्त साचलेले आढळले आणि त्याच रात्री ते काढावे लागले. आता आप्पा काठी टेकत बांधापर्यंत जाऊन येतात आणि दिवसातून चार वेळा चहा मागतात. त्यांचे प्राण वाचवण्यात पुण्याच्या शल्यविशारदांचा वाटा मोठा आहेच, पण पहिले निदान त्या सूनबाईने केले. तिने यंत्र वापरले नाही. माणूस रोजच्यासारखा नाही, एवढेच तिने ओळखले.

आजचा लेख लिहिण्याचे कारण हेच. मी व्यवसायाला सुरुवात केली तेव्हा अशा ऑपरेशनचा रुग्ण दोनतीन आठवडे रुग्णालयातच असे. आता तंत्र सुधारले आहे आणि बरेच रुग्ण आठवड्याच्या आतबाहेर घरी येतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यामुळे जे दिवस पूर्वी परिचारिकेच्या नजरेखाली जात, ते आता घरच्या माणसांच्या नजरेखाली जातात आणि तालुक्याच्या गावी मेंदूचा शल्यविशारद नसतो. तेव्हा काय पाहायचे हे घरच्यांना माहीत असायला हवे.

कवटी ही बंद पेटी

लक्षणे पाठ करण्यापेक्षा त्यांचे कारण समजून घेतले तर ती आपोआप लक्षात राहतात. आपली कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी एवढ्याच गोष्टी असतात. हे पाणी एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असते, पण दिवसभरात अर्ध्या लिटरच्या आसपास नवे तयार होते आणि जुने शोषले जाते. पोट फुगू शकते, पाय सुजू शकतो, पण मोठ्या माणसाची कवटी ताणली जात नाही. त्यामुळे ऑपरेशननंतर आत रक्त साचले, मेंदूला सूज आली किंवा पाण्याची वाट अडली, की आतला दाब वाढतो आणि मेंदू दबू लागतो. दबलेला मेंदू जी तक्रार करतो ती म्हणजे वाढती डोकेदुखी, उलटी, झापड आणि हातापायांतील शक्ती कमी होणे.

आधी काय साहजिक आहे ते सांगतो, नाहीतर लेख वाचून मंडळी उगाचच घाबरतील. जखमेच्या बाजूची पापणी सुजून डोळा काही दिवस बंद होतो, क्वचित काळानिळाही पडतो. टाळूचा भाग बधिर लागतो, नंतर तिथे मुंग्या येतात, खाज सुटते. कानशिलावर छेद असेल तर भाकरी चावताना जबडा दुखतो. डोके हलवल्यावर आत पाणी हलल्यासारखा किंवा टकटक असा आवाज पहिल्या काही दिवसांत काहींना ऐकू येतो. थकवा तर कित्येक आठवडे राहतो. दुपारी दोन तास झोपणे, पाहुणे आले की दमून जाणे हे साहजिक आहे. या साऱ्यांची खूण एकच, ती म्हणजे दिवसागणिक थोडे थोडे कमी होत जाणे. आठवड्यापूर्वी जसे होते त्याहून आज बरे आहे ना, हा प्रश्न घरच्यांनी रोज स्वतःला विचारावा.

झोप आणि झापड

दम्याचा रुग्ण धापा टाकतो, म्हणून घरचे धावतात. मेंदूचा रुग्ण बिघडू लागला की शांत पडून राहतो आणि घरचे चपला काढून हळू चालू लागतात! यासारखी फसवी गोष्ट दुसरी नाही. थकून झोपलेला माणूस हाक मारल्यावर जागा होतो, वैतागतो, पाणी मागतो, "झोपू द्या की" म्हणतो. झापड आलेला माणूस उठवावा तेव्हा अर्धवट उठतो, एका शब्दात उत्तर देतो आणि बोलता बोलता पुन्हा मिटतो.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सकाळ, दुपार आणि रात्री निजण्यापूर्वी रुग्णाला पूर्ण जागे करून दोन मिनिटे तपासावे. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, नातवाचे नाव काय, हे विचारावे. दोन्ही हातांनी आपली बोटे आवळायला सांगावी आणि दोन्हीकडचा जोर सारखा आहे का ते पाहावे. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगावे. एक हात खाली घसरतो का ते बघावे. हसायला सांगावे, म्हणजे तोंड एका बाजूला ओढले जाते का ते कळते. ऑपरेशनच्या आधीपासूनच एक बाजू कमजोर असेल, तर घरी सोडताना ती किती होती हे लक्षात ठेवून त्याच्याशी तुलना करावी. कमजोरी जुनी आणि तेवढीच असेल तर घाई नाही. वाढली किंवा नव्याने आली तर मात्र रात्रीचे बारा वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नये. बोबडे बोलणे, शब्द न आठवणे, कपबशी हातातून सुटणे, अचानक कमी दिसू लागणे किंवा एकाचे दोन दिसणे, हेही याच हिशेबात धरावे.

डोकेदुखीबद्दल बोलायचे तर ऑपरेशननंतर डोके दुखणारच. ते पॅरासिटामॉलने उतरते आणि रोज कमी होते. जी डोकेदुखी रोज वाढते, पहाटे उठल्याबरोबर जास्त असते, आडवे पडल्यावर वा खोकल्यावर वाढते आणि जिच्यासोबत उलट्या होतात, ती दाबाची डोकेदुखी समजावी. याच्या उलट, उठून बसले की डोके असह्य दुखते आणि आडवे पडले की थांबते, अशी तक्रार असेल तर मेंदूभोवतीचे पाणी कुठून तरी गळत असण्याची शंका घ्यावी. दोन्हीसाठी शल्यविशारदांना कळवावेच. इथे आमच्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती आहे. अशा रुग्णाला डोके दुखते म्हणून झोपेचे इंजेक्शन देऊ नये; आलेली झापड औषधाची की मेंदूची, हे मग कोणालाच सांगता येत नाही. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके आणि ॲस्पिरिनही तज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोत. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर पोटात व्रण होतो.

एका छोट्या गोळीची गोष्ट

मेंदूवरील सूज कमी करण्यासाठी डेक्सामेथासोन नावाचे स्टिरॉइड देतात. १९६१ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील गॅलिसिच आणि फ्रेंच यांनी मेंदूच्या गाठीच्या रुग्णांत त्याचा उपयोग प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून मेंदूच्या शस्त्रक्रियेत या औषधाला मोठे स्थान आहे. गोळी आकाराने लहान, किमतीला अगदी स्वस्त. त्यामुळे घरात तिला कोणी किंमत देत नाही. महागाच्या गोळ्या सांभाळल्या जातात आणि ही संपली की संपली.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक बाई उलट्या आणि अशक्तपणा घेऊन आल्या. मेंदूचे ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. मी आम्लपित्त समजून इंजेक्शन दिले, दुसऱ्या दिवशी सलाईन लावले. तिसऱ्या दिवशी रक्तदाब खूपच उतरला तेव्हा मी डिस्चार्ज कार्ड नीट वाचले. डेक्सामेथासोनची मात्रा दर काही दिवसांनी उतरवत न्यायची, असे त्यावर स्पष्ट लिहिले होते. गोळ्यांची पट्टी संपली म्हणून घरच्यांनी पाच दिवसांपूर्वी ती एकदम बंद केली होती. बाई वाचल्या, पण त्यात माझे कौतुक नाही. तेव्हापासून ऑपरेशन झालेल्या रुग्णाचे कार्ड वाचल्याशिवाय मी नाडीलाही हात लावत नाही.

कारण असे की, बाहेरून स्टिरॉइड मिळू लागले की मूत्रपिंडावरील ग्रंथी आपले स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी करतात. गोळी अचानक थांबली तर शरीराजवळ काहीच उरत नाही आणि मेंदूची सूजही उलटते. म्हणून ही गोळी सांगितल्याप्रमाणे पायरीपायरीनेच उतरवावी. स्टिरॉइड म्हणजे विष, असे कोणा शेजाऱ्याने सांगितले म्हणून ती बंद करू नये. आणि आराम वाटतो म्हणून महिनोन्महिने चालूही ठेवू नये, हेही तितकेच खरे.

गोळी चालू असताना रक्तातील साखर वाढते. मधुमेह नसलेल्यांचीही वाढू शकते. फार तहान लागणे, वारंवार लघवी होणे दिसले तर साखर तपासावी. काळी डांबरासारखी शौचास होणे हे पोटातील रक्तस्रावाचे लक्षण. तोंडात पांढरे चट्टे पडतात. जास्त दिवस गोळी झाली की मांड्यांची ताकद कमी होऊन उकिडवे बसल्यावर उठता येत नाही. रात्री गोळी घेतली तर झोप उडते, म्हणून ती सकाळी आणि दुपारी, पोटात काहीतरी घालून, घेण्यास सांगतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती म्हणजे स्टिरॉइडमुळे ताप दबतो. थर्मामीटर ९९ दाखवीत असला तरी आत जंतुसंसर्ग असू शकतो.

ओली उशी

जखमेकडे रोज एकदा उजेडात पाहावे. लाली पसरणे, टाके तणावणे, पू येणे, जखमेखाली मऊ फुगवटा येऊन वाढत जाणे, ही लक्षणे सर्वांना कळतात. कळत नाही ते पाणी. एका काकूंच्या उशीचा अभ्रा रोज सकाळी ओला दिसे. घरच्यांना वाटले उन्हाळ्याचा घाम. तो घाम नव्हता. टाक्यांच्या एका कोपऱ्यातून मेंदूभोवतीचे पाणी झिरपत होते. जिथून पाणी बाहेर येते तिथून जंतू आत जातात आणि मेंदूच्या आवरणाचा दाह होतो. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक, मान ताठ होणे, उजेड सहन न होणे, थंडी वाजणे, असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घरी अँटिबायोटिक सुरू करून दोन दिवस पाहू, असे करू नये. अर्धवट औषधाने तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि रोग आत वाढतो. जखमेचा संसर्ग बहुधा पहिल्या महिन्यात दिसतो, पण कवटीच्या हाडाचा संसर्ग काही महिन्यांनीही डोके वर काढू शकतो. म्हणून भरलेली जखम पुन्हा ओली झाली तर तिला साधे गळू समजू नये.

जखमेवर हळद, तेल, राख, झाडपाला काहीही लावू नये. हळद स्वयंपाकात उत्तम, टाक्यांवर नको. डोके कधी धुवायचे ते शल्यविशारदच सांगतील.

काही गाठी, विशेषतः पिट्युटरी ग्रंथीच्या, नाकावाटे काढतात. बाहेर जखम दिसत नाही म्हणून ऑपरेशन छोटे समजले जाते. अशा रुग्णाने पुढे वाकल्यावर नाकातून नितळ पाणी टपकणे किंवा घशात खारट चव उतरत राहणे हे सर्दीचे लक्षण समजू नये. नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यावी, नाकात बोळे कोंबू नयेत, कुंथू नये. याच रुग्णांत कधी लघवी पाण्यासारखी होऊ लागते, रात्रीतून चारपाच लिटर पाणी प्यावे लागते. तर कधी सातआठ दिवसांच्या सुमारास रक्तातील सोडियम उतरून मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा आणि आकडीही येते. मोठ्या मेंदूच्या ऑपरेशननंतरही सोडियम उतरू शकते. आमच्याकडे ऑपरेशन झाले की मीठ बंद करण्याची आणि तांब्याने पाणी पाजण्याची हौस आहे. मीठ किती, पाणी किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. रक्ताची साधी तपासणी तालुक्यालाही होते.

आकडी आली तर

मेंदूवर व्रण झाला की तिथून आकडी सुरू होऊ शकते. दरवेळी सर्वांग झटके देईल असे नाही. ओठाचा एक कोपरा किंवा एकच अंगठा उडत राहणे, बोलता बोलता एकटक पाहत राहणे, क्षणभर शब्दच न फुटणे, हेही आकडीचेच प्रकार आहेत. ते घरच्यांनी वेळेसह लिहून ठेवावेत. फोनवर चित्रित केले तर आम्हाला फारच उपयोग होतो.

मोठी आकडी आली तर पहिले काम घड्याळ पाहणे. रुग्णाला कुशीवर वळवावे, जखमेवर भार येणार नाही असे पाहावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, आजूबाजूची टणक वस्तू हलवावी. झटके दाबून धरू नयेत. दातांत चमचा घालू नये. दात तुटून घशात गेल्याचे मी पाहिले आहे. कांदा, चप्पल, हातात किल्ल्या यांचा काही उपयोग नाही. बहुतेक आकड्या दोनतीन मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणूनच श्रेय कांद्याला मिळते! पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही पाजू नये. पाच मिनिटांत थांबली नाही, एकीपाठोपाठ दुसरी आली, किंवा शुद्ध परतलीच नाही, तर तो तातडीचा प्रसंग आहे. तज्ज्ञांनी नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा लिहून दिला असेल तर तो कसा वापरायचा हे घरातील दोघांनी आधीच शिकून घ्यावे. ऑपरेशननंतरची पहिलीच आकडी असेल तर ती दोन मिनिटांत थांबली तरी त्याच दिवशी रुग्णाला दाखवावे.

आकडीची गोळी एक दिवसही चुकवू नये. एकादशी असो वा नवरात्र, गोळीने उपवास मोडत नाही. फेनिटॉइन जास्त झाले तर चालताना तोल जातो, डोळ्यांसमोर एकाचे दोन दिसतात, आणि घरच्यांना वाटते गाठ परत आली. अशा वेळी रक्तातील औषधाचे प्रमाण तपासता येते. कोणत्याही आकडीच्या गोळीने अंगावर पुरळ उठले तर ताबडतोब कळवावे. लेव्हेटिरासेटम घेणारे काहीजण विलक्षण चिडचिडे होतात. स्टिरॉइडनेही स्वभाव बदलतो आणि कपाळामागच्या भागातील गाठीने तर बदलतोच. शांत माणूस शिव्या देऊ लागला, किंवा बोलका माणूस भिंतीकडे तोंड करून बसू लागला, तर बाधा झाली म्हणून देवऋषीकडे नेऊ नये आणि त्याच्याशी वादही घालू नये. जगण्यात अर्थ नाही असे तो बोलत असेल तर ते बोलणे गंभीरपणे घ्यावे, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

पायाची मालीश

हे लक्षण डोक्यापासून सर्वांत दूर आहे, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. मेंदूच्या गाठीच्या रुग्णांत पायाच्या आतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. त्यात अंथरूण आणि लुळा पाय यांची भर पडते. एकच पाय सुजणे, पोटरी दुखणे, ती गरम लागणे, ही त्याची लक्षणे. आमच्या भागातील एक शिक्षक ऑपरेशनमधून छान सावरले होते. तिसऱ्या आठवड्यात पोटरी दुखू लागली. घरी मायेने दोन दिवस गरम तेलाची मालीश झाली. दुसऱ्या संध्याकाळी त्यांना एकाएकी धाप लागली, छातीत दुखू लागले आणि ते रुग्णालयापर्यंत पोहोचले नाहीत. गुठळी सुटून फुप्फुसात गेली असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मालीश करणाऱ्यांचा दोष नव्हता. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून मी सांगतो. सुजलेली, दुखरी पोटरी चोळू नये, त्याच दिवशी दाखवावी. एकाएकी धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त दिसले तर क्षणाचाही विलंब नको. गुठळी होऊ नये म्हणून रुग्णाला दिवसातून अनेक वेळा उठवून चालवावे. चालता येत नसेल तर पडल्या पडल्या पावले वरखाली करायला लावावीत.

डोक्याच्या मागच्या बाजूची, लहान मेंदूजवळची गाठ असेल तर पाणी पिताना ठसका लागणे, आवाज घोगरा होणे, तोल जाणे याकडे लक्ष द्यावे. लहान मुलांत याच भागातील गाठी बऱ्याच आढळतात. इथे पाण्याची वाट अडून दाब झपाट्याने वाढू शकतो. पाणी उतरवण्याची नळी, म्हणजे शंट, बसवलेला असेल तर तो वर्षांनीही तुंबू शकतो. मूल सारखे रडते, खेळत नाही, सकाळी उलटी करते, पेंगते, तर पोट बिघडले असे गृहीत धरू नये.

नेताना

आधी जिथे ऑपरेशन झाले तिथे फोन करावा. घरी सोडतानाच तिथला रात्रीचा क्रमांक मागून घ्यावा आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिचा उपयोग करावा. झापड आलेल्या रुग्णाला दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून आणू नये. त्याला कुशीवर निजवावे, डोक्याकडची बाजू थोडी उंच असावी, मान वाकडी होऊ देऊ नये, तोंडाने काहीही देऊ नये. डिस्चार्ज कार्ड, फिल्म वा सीडी आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत कायम तयार असाव्यात.

त्या पिशवीत आणखी एक कागद हवा, तो म्हणजे गाठीच्या तपासणीचा अहवाल. तो ऑपरेशननंतर काही दिवसांनी मिळतो आणि कित्येकजण तो आणायला जातच नाहीत. गाठ कोणत्या जातीची, पुढे किरणोपचार लागणार का, पुढचा एमआरआय केव्हा, हे सारे त्या कागदावर ठरते. काही गाठींमध्ये पुढचे उपचार ऑपरेशननंतरच्या ठरावीक आठवड्यांतच सुरू करायचे असतात. टाके निघाले, माणूस चालू लागला, म्हणून तो कागद तसाच पडून राहू देऊ नये.

एका वाचकांनी पत्राने विचारले आहे की, वडिलांच्या ऑपरेशनला तीन महिने झाले आहेत, आकडीची गोळी चालू आहे, तर त्यांना यंदा पायी वारीला पाठवावे का? माझे मत, यंदा पायी नको. उन्हातले चालणे, अपुरी झोप आणि गर्दीत चुकलेली गोळी, या तिन्ही गोष्टी आकडीला आमंत्रण देतात. त्याच कारणाने तज्ज्ञ परवानगी देईपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर, विहिरीत पोहणे, झाडावर चढणे आणि एकट्याने नदीवर अंघोळ करणे बंद ठेवावे. चुलीपुढेही सोबत असावी. वडिलांची तब्येत ठीक असेल आणि शल्यविशारदांनी होकार दिला तर एकादशीनंतर, गर्दी ओसरल्यावर, गाडीने पंढरपूरला न्यावे. सोबत गोळ्या दोन ठिकाणी ठेवाव्यात, एक पट्टी त्यांच्या खिशात आणि एक तुमच्या.